कुटलेली ‘एक्सएल’ गोळी आणि सकाळी नऊला कोसळणारे बीपी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ६८ वर्षांचे गृहस्थ, तालुक्याच्या गावी मुलगा-सुनेकडे राहणारे. उच्च रक्तदाब आणि मधुमेह जुना. काही वर्षांपूर्वी हृदयाला रक्तपुरवठा कमी पडत असल्याचे निदान झाले होते आणि एकदा जठरात अल्सर होऊन रक्तस्रावही झाला होता. ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा बंद पडून त्यांना पक्षाघात झाला. दवाखान्यात पोहोचायला उशीर झाल्याने गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन देता आले नाही. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले, पण घरच्यांच्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट गिळण्याची होती. चमचाभर पाण्यानेही ठसका लागत होता. म्हणून अन्न आणि औषधे थेट जठरात पोहोचवण्यासाठी नाकातून १४ नंबरची रायल्स ट्यूब घातली. लघवीसाठी कॅथेटर होताच.

नवव्या दिवशी घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पुढील औषधे होती:

मेटोप्रोलॉल सक्सिनेट एक्सएल ५० मिग्रॅ, सकाळी एक
निफेडिपिन रिटार्ड २० मिग्रॅ, सकाळी व रात्री
मेटफॉर्मिन एसआर १००० मिग्रॅ, रात्री
अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ, आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची, दुपारी
पँटोप्राझोल ४० मिग्रॅ, तशाच आवरणाची, सकाळी उपाशीपोटी
टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ कॅप्सूल, रात्री
अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० मिग्रॅ, रात्री

‘एक्सएल’, ‘रिटार्ड’ आणि ‘एसआर’ म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. मेटोप्रोलॉल आणि निफेडिपिन बीपीची, मेटफॉर्मिन साखरेचे, पँटोप्राझोल जठरातले आम्ल कमी करणारे आणि टॅम्सुलोसिन लघवी मोकळी होण्यासाठीचे. यातले एकही औषध चुकीचे नाही आणि मात्राही नेहमीच्याच आहेत. रुग्ण आजारी पडण्याआधी यातली बहुतेक औषधे वर्षानुवर्षे घेत होते आणि ती त्यांना मानवत होती. घरी निघताना तोंडी सूचना मिळाली, ‘सगळ्या गोळ्या बारीक कुटून, पाण्यात कालवून नळीतून द्या.’

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवायला हवी. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत रक्तदाब मुद्दाम थोडा चढा ठेवतात, म्हणजे मेंदूच्या अर्धवट उपाशी भागाला रक्त मिळत राहते. त्यामुळे वॉर्डात बीपीची औषधे बंद होती आणि साखरेसाठी इन्सुलिन चालू होते. जुनी यादी डिस्चार्जच्या दिवशी पूर्ण मात्रेत परत सुरू झाली. म्हणजे कुटलेल्या गोळ्यांचा पहिला डोस वॉर्डात, कोणाच्या नजरेखाली दिला गेलाच नाही. तो घरी दिला गेला.

समस्या कशी उभी राहिली

सून रोज सकाळी आठला गोळ्या खलबत्त्यात अगदी पीठ होईतो कुटून देई. काम चोख होते, आणि त्रास त्या चोखपणातूनच झाला.

दुसऱ्या रात्री मेटफॉर्मिन दिल्यावर नळी तुंबली. आत पांढरट चिकट लगदा बसला होता. गावातल्या परिचारिकेने नळी बदलून दिली.

बीपी दिवसातून दोनदा मोजून वहीत लिहिले जात होते, सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सातला. आकडे असे: १७२/९८, १७६/९६, १७८/१००. तिसऱ्या संध्याकाळी गावातले डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. त्यांना १७६/९८ मिळाले. वहीतले सगळे आकडे चढेच होते, म्हणून त्यांनी मेटोप्रोलॉल एक्सएल ५० ऐवजी १०० केली.

दुपारपर्यंत रुग्ण गुंगीत असतात, घाम येतो, हाक मारली तरी उशिरा पाहतात, हे घरच्यांना दिसत होते. आजारपणाचा अशक्तपणा समजून ते सोडून दिले गेले. चौथ्या दिवशी मुलाने सहज साडेनऊला बीपी मोजले, तर ९४/५६ आले. मशीनचे सेल उतरले असतील असे वाटून त्याने तो आकडा लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले. पुढे सगळ्या प्रकरणाचा उलगडा झाला तो त्या प्रश्नचिन्हामुळे.

पाचव्या दिवशी आठला १०० मिग्रॅची कुटलेली गोळी आणि निफेडिपिन गेले. आठ पन्नासला रुग्ण थंडगार पडले, प्रतिसाद थांबला. १०८ ची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत आणि दवाखाना गाठेपर्यंत नऊ चाळीस झाले. बीपी ७६/४४, नाडी ४२, साखर १३२, ताप नाही, ऑक्सिजन ९५ टक्के. ईसीजीमध्ये ठोके संथ आणि पीआर अंतर ०.२४ सेकंद, म्हणजे हृदयातला संदेश पुढे जायला उशीर लागत होता.

गोळीच्या आत काय असते

पुढचे निर्णय समजायला ही यंत्रणा नीट पाहावी लागते.

मेटोप्रोलॉलचा रक्तातला अर्धायुकाल, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, ३ ते ७ तास असतो. साधी गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि दर वेळी पातळी झपकन चढून उतरते. एक्सएल गोळी तेच औषध सुमारे २० तास थोडे थोडे सोडत राहते. तिची रक्तातली कमाल पातळी तेवढ्याच साध्या औषधाच्या कमाल पातळीच्या एक चतुर्थांश ते निम्मी इतकीच असते.

हे साधण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. सर्वांत स्वस्त आणि म्हणून आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी पद्धत म्हणजे हायप्रोमेलोजचा साचा. हा सेल्युलोजपासून बनवलेला, पाण्यात फुगणारा पदार्थ. गोळी ओली झाली की पृष्ठभागावर घट्ट जेलीचा थर तयार होतो. आतले औषध त्या थरातून वाट काढत बाहेर येते आणि थर बाहेरून हळूहळू झिजत जातो. ताकेरू हिगुची यांनी १९६१ मध्ये मांडलेले समीकरण येथे उपयोगी पडते. घन साच्यातून बाहेर पडलेले औषध काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, कारण जसजसा वेळ जातो तसतसे औषधाला लांबून यावे लागते. सगळा संथपणा त्या अंतरावर उभा आहे. गोळी कुटली की मिलिमीटरचे अंतर मिलिमीटरच्या अंशावर येते आणि पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. चोवीस तासांसाठी मोजलेला साठा तासाभरात मोकळा होतो.

दुसरी पद्धत दाण्यांची. कॅप्सूलमध्ये किंवा गोळीत शेकडो बारीक दाणे भरतात आणि प्रत्येक दाण्याभोवती स्वतंत्र पडदा असतो. टॅम्सुलोसिनच्या कॅप्सूलमध्ये दाणे असतात आणि मेटोप्रोलॉलच्या काही गोळ्याही अशाच बनवतात. अशी गोळी मधोमध मोडली तरी दाणे शाबूत राहतात. म्हणून तिच्यावर मोडण्याची रेघ असते. रेघ आहे म्हणजे कुटता येते असा अर्थ लावणे घातक आहे.

तिसरी पद्धत ऑस्मोटिक पंपाची. निफेडिपिनची एक गोळी १९८९ मध्ये अमेरिकेत याच तंत्राने आली. बाहेरून फक्त पाणी आत घेणारे कडक कवच, त्याला लेझरने पाडलेले एक छिद्र, आत औषधाचा थर आणि खाली फुगणारा थर. खालचा थर पाणी शोषून फुगतो आणि औषध छिद्रातून जवळपास एकसारख्या वेगाने ढकलतो. रिकामे कवच शौचावाटे आख्खे बाहेर पडते. ते पाहून रुग्ण ‘गोळी विरघळलीच नाही’ म्हणून घाबरतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे.

या रुग्णाचे निफेडिपिन पंपाचे नव्हते, दिवसातून दोनदा घ्यायची रिटार्ड गोळी होती. तिचाही संथपणा कुटल्यावर टिकत नाही. निफेडिपिनचा अर्धायुकाल जेमतेम २ तासांचा आहे. झटपट सुटणारे निफेडिपिन बीपी उतरवायला जिभेखाली देण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. अचानक बीपी कोसळून पक्षाघात व हृदयविकाराचे झटके आल्याची प्रकरणे जमा झाल्यावर ती थांबवावी, असे १९९६ मध्ये ‘जामा’ नियतकालिकात मांडले गेले. रिटार्ड गोळी कुटून देणे म्हणजे तीच सोडून दिलेली पद्धत नकळत रोज सकाळी राबवणे.

त्यात दोन्ही औषधे एकत्र. एकट्या निफेडिपिनने रक्तवाहिन्या सैल पडल्या की हृदय ठोके वाढवून तोल सांभाळते. येथे तो मार्ग ठोके संथ करणाऱ्या मेटोप्रोलॉलने अडवलेला होता, म्हणून बीपी कोसळूनही नाडी ४२ वर राहिली. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात नळीतून कुटलेले दीर्घकालीन निफेडिपिन आणि लॅबेटॅलॉल (मेटोप्रोलॉलसारखेच ठोके संथ करणारे औषध) दिलेल्या एका स्त्रीचे हृदय बंद पडल्याची नोंद आहे. तिला वाचवले गेले, पण कारण न कळल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डोस दिला गेला आणि ती दगावली.

पहिला निर्णय: हे नेमके काय आहे

आपत्कालीन विभागात चार शक्यता समोर होत्या: नवा पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव, नळीतले अन्न फुप्फुसात जाऊन झालेला संसर्ग, हृदयविकाराचा झटका आणि औषधांचा परिणाम. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे ट्रोपोनिन वाढलेले नव्हते आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.४ होते, पहिल्या दाखल्याच्या वेळी ते १.१ होते.

औषधांच्या यादीवर नजर टाकून प्रथम ‘मात्रा तर नेहमीचीच आहे’ असे म्हणून ती शक्यता बाजूला पडली होती. क्लिनिकल फार्मसिस्टने मुलाला विचारले, ‘गोळ्या देता कशा?’ उत्तर मिळाले, ‘कुटून.’ मग वही मागवली. चढे आकडे सगळे डोसच्या अगोदरचे होते आणि उतरलेला एकमेव आकडा डोसनंतर दीड तासाचा. साडेसात आणि सात या दोन्ही वेळा बरोबर औषध संपत आल्याच्या होत्या. घरच्यांनी इमानदारीने मोजलेल्या आकड्यांतून डॉक्टरांना चित्राची फक्त वरची कड दिसली, आणि मात्रा वाढवल्याने खालची दरी आणखी खोल झाली.

दुसरा निर्णय: तातडीचे उपचार

पाय उंचावून नॉर्मल सलाईन ५०० मिली दिले. अ‍ॅट्रोपीन (नाडी वाढवणारे औषध) ०.६ मिग्रॅ दोनदा दिल्यावर नाडी ५० पर्यंत आली, त्यापुढे सरकली नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, ३० मिली, मॉनिटर लावून दहा मिनिटांत दिले. बीपी ९२/५४ झाले. वरचा आधार म्हणून बीपी चढवणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन अगदी कमी वेगाने सुरू केले. अशा वेळी वापरतात ते ग्लुकागॉन उपलब्ध नव्हते.

येथे एक मुद्दा चर्चेचा ठरला. दीर्घकाळ सुटणाऱ्या गोळ्यांची अतिमात्रा झाली असेल तर आतड्यात साठा शिल्लक असतो. म्हणून नळीतून भरपूर द्रावण सोडून आतडे धुऊन काढण्याचा विचार करतात आणि रुग्णाला किमान चोवीस तास धोक्यात धरतात. येथे गोळ्या कुटलेल्या होत्या. साठा उरलेलाच नव्हता, सगळे औषध आत शोषले गेले होते. आतडे धुण्यात लाभ नव्हता आणि गिळता न येणाऱ्या, गुंगीतल्या माणसाला औषध शोषून घेणारा सक्रिय कोळसा देण्यात तो फुप्फुसात जाण्याचा धोका होता. दोन्ही टाळले. परिणाम काही तासांत ओसरेल असा अंदाज होता आणि तसेच झाले. दुपारी दोनला नॉरअ‍ॅड्रिनलिन बंद करता आले, चारला बीपी १२८/७४ आणि नाडी ६२ होती. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बीपी १८२/१००, नाडी ८८.

पुढे कोणते औषध द्यायचे: तोललेले पर्याय

पहाटेच्या त्या आकड्याने ‘बीपीची सगळी औषधे काही दिवस बंद’ हा सोपा पर्याय बाद केला. शिवाय हृदयाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णाचे मेटोप्रोलॉल एकदम थांबवले तर छातीत दुखणे किंवा झटका उलटून येऊ शकतो.

दाण्यांची मेटोप्रोलॉल गोळी पाण्यात फुटू देऊन, दाणे न चिरडता नळीतून सोडणे हा पर्याय कागदावर आकर्षक दिसतो. अडचण अशी की आपल्याकडे एकाच नावाची, एकाच मात्रेची गोळी एक कंपनी दाण्यांची बनवते आणि दुसरी साच्याची. स्ट्रिपवर ते लिहिलेले नसते. पुढच्या महिन्यात औषध दुकानात दुसरा ब्रँड हाती पडला की घरच्यांना फरक कळणार नाही. दाणे नळीत अडकतात ते वेगळेच. हा पर्याय सोडला.

मेटोप्रोलॉलची साधी गोळी, टारट्रेट, विभागून देणे शक्य होते. ती कुटता येते. एक्सएलमधून शरीराला मिळणारे औषध साध्या गोळीच्या सुमारे पाऊणपट असते, म्हणून मिग्रॅला मिग्रॅ लावून बदल केला तर परिणाम थोडा जास्त होऊ शकतो. सुरुवात २५ मिग्रॅ दिवसातून दोनदा अशी ठरली.

निफेडिपिनच्या जागी काय, याचे उत्तर जास्त समाधान देणारे होते. अ‍ॅम्लोडिपिन त्याच कुळातले औषध, पण त्याचा अर्धायुकाल ३० ते ५० तास. त्याचा संथपणा गोळीच्या रचनेत नाही, रेणूतच आहे. खलबत्त्यात तो मोडत नाही. नळीवरच्या रुग्णासाठी औषध निवडताना हा फरक सर्वांत आधी पाहावा असे आमचे ठाम मत आहे. रचनेने लांबवलेल्या औषधापेक्षा मुळातच लांब टिकणारे औषध असेल तर ते घ्यावे. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ दिवसातून एकदा ठरले, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो म्हणून त्याआधी मात्रा वाढवायची नाही असेही लिहिले.

केलेले बदल

मेटफॉर्मिन एसआर बंद. क्रिएटिनिन उतरल्यावर साधी मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ दोनदा. दुसऱ्या रात्री नळीत बसलेला चिकट लगदा याच गोळीतल्या हायप्रोमेलोजचा होता. तो पाण्याने फुगतो, म्हणून कितीही बारीक कुटले तरी नळीत जेली होते. तुंबलेली नळी त्या रात्रीच ‘ही गोळी कुटायची नव्हती’ असे सांगत होती.

पँटोप्राझोलचा प्रश्न उलट्या दिशेचा. हे औषध आम्लात नष्ट होते, म्हणून आवरण असते. कुटून जठरात सोडल्यावर रुग्णाला औषध जवळजवळ मिळतच नव्हते, आणि ते अल्सरचा इतिहास असलेल्या, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या माणसाला. कुटल्याने एक औषध जास्त झाले आणि दुसरे नाहीसे झाले. त्याजागी तोंडात विरघळणारी लॅन्सोप्राझोल ३० मिग्रॅ दिली. ती कुटायची नाही. १० मिली पाण्यात आपोआप फुटू द्यायची आणि १५ मिनिटांच्या आत नळीतून सोडायची.

अ‍ॅस्पिरिन पाण्यात विरघळणाऱ्या प्रकारची. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन कुटून चालते, तशीच ठेवली. टॅम्सुलोसिन थांबवले. कॅथेटर असताना त्याचा उपयोग नव्हता आणि बीपी उतरवायला त्याचाही हातभार लागत असणार.

नळीतून औषध देण्याची पद्धत सुनेकडून वॉर्डात तीनदा करून घेतली. डोके ३० ते ४५ अंश उंच, औषधानंतर किमान अर्धा तास तसेच. नळी जागेवर असल्याची खात्री. ५० मिलीची सिरिंज. लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फाटू शकते. आधी ३० मिली पाणी, मग प्रत्येक औषध वेगळे, १० ते १५ मिली पाण्यात, दोन औषधांमध्ये १० मिली पाणी, शेवटी पुन्हा ३० मिली. पेजेत किंवा दुधात औषध मिसळायचे नाही. नळी तुंबली तर कोमट पाण्याने हलकेच आत-बाहेर करायचे, जोर लावायचा नाही, तार घालायची नाही. नाडी ५५ च्या खाली किंवा वरचे बीपी १०० च्या खाली असेल तर मेटोप्रोलॉल न देता फोन करायचा.

बीपी मोजण्याच्या वेळाही बदलल्या. पहिले दोन आठवडे डोसच्या आधी एकदा आणि दीड-दोन तासांनी एकदा.

परिणाम

पुन्हा दाखल झाल्यापासून सहाव्या दिवशी रुग्ण घरी गेले. डोसच्या आधीचे बीपी १४६/८४ च्या आसपास आणि नंतरचे १३२/७८ च्या आसपास राहू लागले. दरी भरून आली. मेटोप्रोलॉल तीन आठवड्यांनी ५० मिग्रॅ दोनदा झाले. क्रिएटिनिन १.१ वर परतले. सकाळची गुंगी गेली आणि फिजिओथेरपीचे सत्र, जे आधी दहालाच असे आणि ज्याला ते कधी साथ देत नसत, नीट होऊ लागले.

एका गोष्टीचे उत्तर मिळाले नाही. कोसळल्यानंतर दोन दिवस बोलणे आणखी बिघडले होते, मग पूर्ववत झाले. कमी रक्तदाबाने मेंदूच्या कडेच्या भागाला इजा झाली का, हे एमआरआयने कळले असते. खर्चामुळे तो झाला नाही.

सातव्या आठवड्यात गिळण्याची चाचणी समाधानकारक आली आणि नळी निघाली. तेव्हा मेटोप्रोलॉल एक्सएल पुन्हा सुरू करायची का, यावर विचार झाला. घट्ट दह्यासोबत आख्खी गोळी सुरक्षित गिळता येते हे प्रत्यक्ष पाहूनच १०० मिग्रॅ एक्सएल दिली. अ‍ॅम्लोडिपिन तसेच ठेवले, निफेडिपिनवर परतण्याचे कारण नव्हते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा क्षण डिस्चार्जचा होता. रुग्णाच्या नाकात नळी आहे हे सर्वांना माहीत होते, तरी औषधांची यादी गिळता येणाऱ्या माणसाची होती. ‘मार्ग’ या रकान्यात ‘तोंडाने’ ऐवजी ‘नळीतून’ लिहिले असते तर औषध देणाऱ्या फार्मसिस्टने तेथेच थांबवले असते. आणि बंद असलेली बीपीची औषधे घरी जाण्याच्या किमान दोन दिवस आधी, ज्या पद्धतीने घरी द्यायची त्याच पद्धतीने, वॉर्डात सुरू करायला हवी होती.

गावातल्या डॉक्टरांनी मात्रा वाढवली ती समोरच्या आकड्यांना धरून. वाढवण्याआधी ‘डोसनंतर दोन तासांनी किती असते?’ एवढा एक प्रश्न पुरला असता. नळी तुंबल्याची बातमीही त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

नावांचा गोंधळ मात्र कोणा एकाचा नाही. एसआर, ईआर, एक्सएल, एक्सआर, सीआर, पीआर, एमआर, रिटार्ड, ओडी अशी अक्षरे कंपनीगणिक बदलतात. ‘ओडी’ तर अनेकांना ‘दिवसातून एकदा’ एवढेच सांगते. काही गोळ्यांच्या नावात असे एकही अक्षर नसते. म्हणून अक्षरांवर विसंबता येत नाही, प्रत्येक औषध यादीत पडताळून पाहावे लागते. न कुटण्याच्या औषधांची अशी यादी अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था ठेवते, पण तिच्यातले ब्रँड तिकडचे. आपल्याकडे दवाखान्याने आपल्या साठ्यातल्या ब्रँडपुरती स्वतःची यादी करावी आणि ब्रँड बदलला की ती बदलावी.

या प्रकरणानंतर त्या वॉर्डच्या डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक औषधापुढे एक जादा रकाना आला. त्यात तीनपैकी एकच पर्याय लिहायचा: ‘कुटून चालेल’, ‘पाण्यात आपोआप फुटू द्या, कुटू नका’, ‘नळीतून देऊ नका’. रकाना रिकामा असेल तर फार्मसी औषध देत नाही.